पुस्तक गाजलेलं, मित्र भारावलेले, आणि आपण कोरडे

मला 'मृत्युंजय' आवडत नाही. मराठी वाचणाऱ्या चारचौघांत हे वाक्य टाकलं की उत्तरं साधारण ठरलेली येतात. 'शेवटपर्यंत वाचलंस तरी का?' 'अगं, फार उशिरा वाचलंस तू.' आणि सगळ्यांत जास्त वेळा येणारं, 'म्हणजे तुला कर्ण आवडत नाही?' हे शेवटचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. मी बोललेली असते एका कादंबरीबद्दल, समोरच्याने ऐकलेलं असतं एका माणसाबद्दल. तेही त्याच्या अगदी जवळच्या माणसाबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ साली आली. कर्णाची गोष्ट स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, त्याचा भाऊ शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून सांगतात. पुढे तिचे कितीतरी भाषांत अनुवाद झाले, सावंतांना मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला, आणि आजही दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत कुणीतरी कुणाच्या तरी हातात ही जाडजूड प्रत ठेवतं. कादंबरी चांगली की वाईट, हा या लेखाचा विषय नाही. ज्यांच्या आवडीनिवडीवर आपला भरवसा आहे अशी माणसं एखाद्या पुस्तकाने वेडी होतात आणि आपल्याला त्यात काहीच होत नाही, तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं, एवढंच इथे सोडवून बघायचं आहे.

एवढं लागतं का मनाला?

कारलं आवडत नाही म्हटलं तर कुणी दुखावत नाही. फार तर 'माझ्या आईच्या हातचं खाऊन बघ' म्हणतात आणि विषय संपतो. पुस्तकाचं तसं होत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९० साली हाच प्रश्न धसास लावला होता. त्याच्या उदाहरणात कॅनरी बेटांची वाइन आहे. एखादा म्हणाला, 'ही वाइन छान आहे,' आणि दुसऱ्याने टोकलं, 'तुला छान लागते असं म्हण,' तर पहिला ते निमूट मान्य करतो. पण 'ही कविता सुंदर आहे' म्हणणाऱ्याला 'तुझ्यापुरती सुंदर' असं म्हणून बघा. त्याला ते पटत नाही. तो स्वतःपुरतं बोलतच नसतो. ती सगळ्यांनाच तशी वाटायला हवी, अशी एक मागणी त्याच्या बोलण्यात असते. ही मागणी पुराव्याने सिद्ध करता येत नाही आणि सोडूनही देववत नाही. सौंदर्यावरची भांडणं मिटत नाहीत ती यामुळे.

म्हणजे मित्र जेव्हा 'अप्रतिम पुस्तक आहे' म्हणतो तेव्हा तो आपली पसंती नुसती कळवत नसतो. 'तुलाही असंच वाटणार' हे त्यात गृहीत असतं. आपला नकार त्या गृहीताला असतो, पण तो लागतो माणसाला.

त्यात दुसरी एक गोष्ट मिसळते. कांटच्या आधी, १७५७ मध्ये, स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने अभिरुचीवरच्या निबंधात म्हणून ठेवलंय की आपण आवडता लेखक निवडतो तो मित्र निवडतो तसाच, स्वभाव जुळतो म्हणून. आता गणित मांडा. माझा मित्र माझा मित्र आहे कारण आमचे स्वभाव जुळतात. त्याचा त्या लेखकाशी स्वभाव जुळतो. मग माझा का जुळू नये? जुळला नाही तर आमच्याच जुळण्यात कुठेतरी खोट आहे, अशी शंका दोघांनाही न बोलता चाटून जाते. 'तुला कर्ण आवडत नाही?' या प्रश्नातला खरा धक्का हा असावा.

सगळे एकमेकांचं बघून बोलतात का?

नावडीच्या पहिल्या झटक्यात आपल्या मनात येतं ते हेच, आणि ते अगदीच चूक नाही. अमेरिकेत सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली आणि १४ हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला दिली. काहींना नुसती गाण्यांची नावं दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं, आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं तो आकडा त्यांना दिसत होता. सुरुवातीला सगळीकडे आकडा शून्य. गाणी तीच, पण आठ गटांत यशस्वी गाण्यांच्या याद्या वेगवेगळ्या निघाल्या. '५२ मेट्रो' नावाच्या बँडचं 'लॉकडाउन' हे गाणं एकेकट्याने ऐकणाऱ्यांत २६व्या क्रमांकावर होतं. एका गटात ते पहिलं आलं, दुसऱ्या एका गटात ४०वं. सुरुवातीच्या मूठभर लोकांची लहर, मग त्या लहरीचा आकडा, मग आकड्याकडे बघून येणारे लोक.

हे वाचून मला आधी बरं वाटलं होतं. पण या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लोक सांगत नाहीत. सर्वांत चांगली गाणी क्वचितच बुडाली आणि सर्वांत वाईट गाणी क्वचितच वर आली. दैवाचा खेळ चालला तो मधल्या गाण्यांत. तेव्हा पन्नास वर्षांहून जास्त काळ टिकलेलं पुस्तक निव्वळ मेंढरांच्या जोरावर टिकलं, असं म्हणायची सोय हा प्रयोग ठेवत नाही. तेच त्या काळातलं सर्वश्रेष्ठ होतं म्हणून टिकलं, असंही म्हणू देत नाही.

गर्दीचा दाब नावडणाऱ्यावरही असतो, आणि तो मोजलेला आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग फार साधा होता. एका रेघेएवढी दुसरी रेघ तीन रेघांतून ओळखायची. खोलीत खरा पाहुणा एकच, बाकीचे सगळे आधी पढवलेले, आणि ते ठरवून एकमुखाने चुकीचं उत्तर देणार. उत्तर डोळ्यांसमोर असूनही सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे गेले. पण पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं तरी पाहुण्याच्या चुका धाडकन कमी होत. हे मी वाचनाच्या गप्पांत पाहिलंय. बैठक संपते, पोह्यांच्या बश्या गोळा होतात, सगळे 'काय पुस्तक आहे!' म्हणत जिने उतरतात. मग खाली पार्किंगमध्ये हेल्मेटचा पट्टा लावता लावता कुणीतरी हळूच म्हणतं, 'खरं सांगू का, मी पण दीडशे पानांवर सोडलं.' वर बसलेलो असताना हे का नाही बोललास, असं विचारण्यात अर्थ नसतो. वर त्याला दुसरं कुणी दिसलं नव्हतं.

अर्थात ॲशच्या रेघांना बरोबर उत्तर होतं. पुस्तकाला तसं नाही. त्यामुळे 'मी एकटा खरं बोलणारा, बाकीचे सगळे दबलेले' हा ताठाही इथे चालत नाही. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या सुरुवातीला सूत्रधाराच्या तोंडी घातलंय की जुनं म्हणून सगळं चांगलं नसतं आणि नवं म्हणून काव्य वाईट ठरत नाही, जाणते पारखून घेतात, 'मूढः परप्रत्ययनेयबुद्धिः', म्हणजे मूर्खाची बुद्धी दुसऱ्याच्या विश्वासावर चालते. सगळ्यांना आवडतं म्हणून आवडवून घेणारा यात बसतो. सगळ्यांना आवडतं म्हणूनच नाक मुरडणाराही बसतो. त्याचीही दोरी दुसऱ्यांच्याच हातात असते.

टॉलस्टॉयची नावड

एकट्याने सगळ्या जगाला चूक ठरवायचं झालं तर टॉलस्टॉयएवढी मेहनत तरी करावी. शेक्सपिअर त्याला कधीच आवडला नाही. म्हणून त्याने तो रशियनमध्ये वाचला, इंग्रजीत वाचला, जर्मन अनुवादात वाचला, पन्नासेक वर्षांत पुन्हा पुन्हा वाचला. पंचाहत्तरीला आपलंच काही चुकत नाही ना, हे तपासायला सगळा शेक्सपिअर परत एकदा काढला. दर वेळी तेच: किळस, कंटाळा आणि बुचकळ्यात पडणं. हे सगळं त्याने एका लांबलचक निबंधात लिहिलं, तो १९०६ साली छापला गेला. त्यात 'किंग लिअर' प्रवेशामागून प्रवेश घेऊन सोलून काढलंय. शेक्सपिअरने ज्या जुन्या नाटकावरून गोष्ट उचलली ते मूळ नाटकच जास्त चांगलं आहे, असंही तो ठासून सांगतो.

इथपर्यंत त्याच्याबद्दल आदरच वाटतो. नावड असावी तर अशी, पुरावे घेऊन आलेली. पण पुढे तो विचारतो की मग जगाला हा माणूस आवडतो कसा? आणि उत्तर देतो की ही साथ आहे, एक प्रकारची सामूहिक भूल, जर्मन कवी गटे आणि तिथल्या टीकाकारांनी पसरवलेली. 'मला आवडत नाही' पासून 'तुम्हा सगळ्यांना झालंय काहीतरी' पर्यंत ही जी उडी आहे, ती आपणही मारतो. फक्त आपल्याला त्यासाठी तीन भाषा लागत नाहीत.

१९४७ साली जॉर्ज ऑर्वेलने यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की टॉलस्टॉयने इतक्या नाटकांतून नेमकं 'लिअर'च का धरलं ते बघा. राज्य वाटून टाकणारा म्हातारा राजा, त्यागातून सुख मिळेल असं समजणारा, आणि मग फसलेला. टॉलस्टॉयनेही मालमत्तेवर पाणी सोडलं होतं, आणि त्यावरून घरात भांडणं पेटलेली होती. निबंधानंतर चार वर्षांनी, १९१० मध्ये, ८२ वर्षांचा टॉलस्टॉय रात्रीच्या अंधारात घर सोडून निघाला आणि काही दिवसांनी अस्तापोवोच्या रेल्वे स्टेशनवर वारला. जवळ त्याची एक मुलगी होती. लिअरशी हे साम्य अंगावर येतं. नाटक फार जवळून गेलं म्हणून त्याला ते सोसलं नाही, असा ऑर्वेलचा रोख आहे. मला हे निदान जरा जास्तच नीटनेटकं वाटतं. माणूस गेल्यावर त्याच्या नावडीचं कारण सांगणं सोपं असतं, तो उठून नाही म्हणत नाही. पण एक गोष्ट ऑर्वेलने बरोबर पकडली. कुणी एखाद्या पुस्तकावर प्रमाणाबाहेर चिडत असेल, तर तिथे कंटाळ्याखेरीज आणखी काहीतरी असतं. नुसता कंटाळा माणसाला एवढा मोठा निबंध लिहायला बसवत नाही.

अंगराज आणि इंदुमती

आपल्याकडे या सगळ्यावर कालिदासाचा एक श्लोक आहे. त्याचा शेवटचा तुकडा सगळ्यांना पाठ, आधीचा सहसा कुणी सांगत नाही. 'रघुवंशा'च्या सहाव्या सर्गात इंदुमतीचं स्वयंवर चाललंय. सुनंदा एकेका राजासमोर तिला नेते, त्याचे गुण सांगते. एका राजाचं भरपूर कौतुक होतं, इंदुमती त्याच्यावरून नजर काढते आणि म्हणते, 'चल पुढे.' यावर कालिदास म्हणतो: 'नासौ न काम्यो न च वेद सम्यग्द्रष्टुं न सा भिन्नरुचिर्हि लोकः.' तो राजा हवाहवासा नव्हता असं नाही, आणि तिला नीट पारखता येत नव्हतं असंही नाही. लोकांची रुची वेगवेगळी असते, झालं.

दोन नकार एकामागून एक ठेवलेत, त्यात सगळं आलं. पुस्तकही बरं, वाचकही शहाणा, तरी जमलं नाही. मैत्रीतल्या वादात आपण यातला एक नकार हमखास गाळतो. मी म्हणते पुस्तकातच दम नाही, मित्र म्हणतो तुला वाचताच येत नाही. जाता जाता, इंदुमतीने नाकारलेला तो राजा अंगदेशाचा होता, म्हणजे अंगराज. कर्णही अंगराजच. योगायोगाला मी काय करू?

पण 'भिन्नरुचि' म्हणून हात झटकले की चौकशी थांबते. रुची वेगळी का, कुठे वेगळी, हे राहूनच जातं. त्या चौकशीसाठी साधारण हजार वर्षांपूर्वीचा एक काश्मिरी पंडित कामाला येतो.

रसात खडा कुठे लागला?

अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर 'अभिनवभारती' नावाची टीका लिहिली. रस म्हणजे काय हे सांगताना तो उलटा प्रश्नही घेतो: रस येत नाही तेव्हा काय आड येतं? आणि सात विघ्नं मोजतो. नाटक बघणाऱ्यासाठी लिहिलेली ही यादी कादंबरी वाचणाऱ्याला जशीच्या तशी लावून बघता येते. सगळी सात इथे उलगडत बसत नाही. साधनंच अपुरी पडणं, धूसरपणा, नेमका कुठला भाव आहे याचा संशय, ही विघ्नं नावावरूनच कळतात. जी माझ्या कामाची आहेत तेवढी घेते.

पहिलं, संभावनाविरह. समोरचं घडू शकेल असं वाटतच नाही. मग मन तिथे टेकत नाही. यावर अभिनवगुप्त उपाय सांगतो तो मोठा मार्मिक आहे. अचाट गोष्टी दाखवायच्या असतील तर रामासारखी प्रख्यात नावं घ्यावीत. त्यांची कीर्ती पिढ्यान्‌पिढ्या अखंड चालत आलेली असते, म्हणून त्यांच्याबद्दल काहीही सांगितलं तरी विश्वास आधीच रुजलेला असतो. 'मृत्युंजय'च्या ताकदीचं एक कारण इथे आहे. कर्ण म्हटल्यावर मराठी वाचक अर्धा जिंकलेलाच असतो.

माझ्या बाबतीत हाच उपाय उलटला. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळालं. महाभारतातल्या माणसांकडे मानववंशशास्त्रज्ञाच्या थंड नजरेने बघणारे लेख. कर्णालाही त्यात सूट नाही. मी ते आधी वाचलं होतं. त्यामुळे माझ्या डोक्यात कर्णाची जी प्रसिद्धी होती ती वेगळीच होती: आपण कोण या प्रश्नाने पोखरलेला, चुकणारा, भलत्या वेळी भलतं बोलणारा माणूस. तेजाने झळाळणारा कर्ण समोर आला तेव्हा मी मनातल्या मनात हरकती घेत बसले. पुस्तकं कुठल्या क्रमाने हाताशी येतात, यावर नावड केवढी अवलंबून असते! 'मृत्युंजय'ने भारावलेल्या माझ्या एका मित्राने ते आधी वाचलेलं. 'युगान्त' त्याला कोरडं, जरा दुष्टच वाटतं.

आणखी एक विघ्न अप्रधानतेचं. जे मुख्य असायला हवं ते बाजूला पडतं आणि जे सोबतीला आलं ते पुढे येऊन बसतं. माझी खरी तक्रार इथे आहे. या कादंबरीत भाषा सतत सजलेली असते. एक भावना आली की तिच्यामागे उपमा येते, उपमेचा विस्तार येतो, त्यावर एक उद्गारचिन्ह. माझं लक्ष माणसावरून उडून वाक्याकडे जातं. कुंती बोलतेय, शोण बोलतोय की दुर्योधन, हे डोळे मिटून ऐकलं तर मला सांगता येणार नाही, कारण सहाही जण एकाच दरबारी थाटात बोलतात. ज्यांना हीच भाषा म्हणजे मेजवानी वाटते त्यांच्याशी माझा वाद नाही. गोष्ट मोठी आहे तर आवाजही मोठा हवा, असं ते म्हणतात, आणि कीर्तनात वाढलेल्या कानांना ते पटणारच. माझे कान खालच्या पट्टीतल्या गद्याचे आहेत.

तिसरं मला सगळ्यांत रंजक वाटतं: निजसुखादिविवशीभाव. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका अडकलेला असतो की समोरचं आत शिरत नाही. नाटकात यासाठी गाणं-वाजवणं असतं, सजवलेला मंडप असतो, माणसाचं मन त्याच्या घरच्या कटकटींवरून उठवून इकडे आणायला. पुस्तकाजवळ यातलं काही नाही. दवाखान्याच्या बाकड्यावर, ऑफिसातून परतताना लोकलच्या दारात, परीक्षेच्या आदल्या रात्री आपण पुस्तक उघडतो आणि ते भिडलं नाही की दोष त्याला देतो. आणि मित्राने आग्रहाने दिलेल्या पुस्तकाबरोबर तर एक खास चिंता मोफत येते. तो उद्या विचारणार आहे. मग आपण पानावर नसतोच. आपण उद्याच्या त्या संभाषणात असतो आणि 'कितपत आवडतंय' याचा ताप दर दहा पानांनी मोजत असतो.

तो वसतिगृहात, मी आरामखुर्चीत

ह्यूमच्या त्याच निबंधात एक गमतीदार वाक्य आहे. विसाव्या वर्षी ओव्हिड आवडता असू शकतो, चाळिसाव्या वर्षी होरेस, आणि पन्नाशीला बहुधा टॅसिटस. आधी प्रेमकवी, मग जगणं शिकवणारा, मग राज्यकर्त्यांची लफडी उलगडणारा इतिहासकार. मानसशास्त्रात याला एक जोडगोष्ट सापडलेली आहे. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. आवडती पुस्तकं, सिनेमे विचारले तरी असाच उंचवटा दिसतो. म्हणून मित्र एखाद्या पुस्तकाबद्दल बोलताना लकाकतो तेव्हा त्यात ते वाचणारा सतरा वर्षांचा पोरगाही लकाकत असतो. आपण तिशीत तेच पुस्तक उघडतो. पानं मिळतात, तो पोरगा मिळत नाही.

माझा हा मित्र घरातला कॉलेजला गेलेला पहिला. गावाहून आला तेव्हा वसतिगृहाच्या एका खोलीत सहा जण, आणि नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'आडनाव काय? कुठले तुम्ही?' वाचनालयातली प्रत त्याने रात्री मेस बंद झाल्यावर जिन्यातल्या दिव्याखाली वाचली. महाभारतातला तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे: कर्ण आखाड्यात उतरतो, अर्जुनाला आव्हान देतो, आणि कृपाचार्य त्याला कुळ विचारतात. बाण सोडायच्या आधी बापाचं नाव. 'त्या पानावर मी थांबलो,' तो सांगतो. 'पुढे गेलोच नाही त्या रात्री. तेच परत वाचलं.' मी तो प्रसंग वाचला तेव्हा माझ्या मनात आलं होतं की इथे विशेषणं फार झालीत. मला आयुष्यात कुणी कुळ विचारलं नव्हतं, म्हणजे विचारायची गरज पडली नव्हती. आडनाव ऐकून लोक समाधानाने मान हलवत.

यामुळे माझं विशेषणांबद्दलचं मत बदलत नाही. ती फार झालीत, हे मला आजही वाटतं. पण त्याने तिथे काय वाचलं ते आता मला दिसतं. आणि गंमत बघा, अभिनवगुप्ताला विचारलं तर तो आम्हा दोघांनाही नापास करेल. त्याच्या यादीतलं दुसरं विघ्न असं की समोरचं सुखदुःख 'हे माझंच' किंवा 'हे परक्याचं' असं धरून बसणं, आणि देशकालाच्या तपशिलात अडकणं. मित्राने कर्ण स्वतःचाच करून टाकला, मी तो परक्याचाच ठेवला. रसासाठी लागणारी मधली जागा दोघांनीही गाठली नाही. त्या कठोर पंडिताच्या हिशेबात मित्राचं भारावणं हा काही रस नव्हे. हे मी मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'असू दे, मला जे मिळालं ते पुरेसं आहे.' या बाबतीत माझं मत त्याच्या बाजूने आहे.

बोलायचं कसं?

सगळ्यांत आधी, पुस्तक पुरं करायलाच हवं का? माझ्या मते हे तुम्ही नंतर काय म्हणणार त्यावर आहे. 'मला जमलं नाही' एवढंच म्हणायचं असेल तर साठ पानंही पुष्कळ झाली. 'पुस्तक वाईट आहे' म्हणायचं असेल तर शेवटचं पान वाचल्याशिवाय तोंड उघडू नये, आणि शक्य तर टॉलस्टॉयसारखं दुसऱ्यांदा वाचावं.

नावडीचं सोनं करणारेही आपल्याकडे होऊन गेले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुण्यात रविकिरण मंडळाच्या कवींची चलती होती, त्यांचं काव्यगायन ऐकायला गर्दी व्हायची. प्र. के. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने त्या कवितेची विडंबनं लिहिली, 'झेंडूची फुले' १९२५ साली आलं. विडंबन कुणाचं करता येतं? ज्याच्या लकबी तोंडपाठ आहेत त्याचं. नुसतं 'छे, काय ते रडगाणं' म्हणणाऱ्याला एक ओळ जमली नसती. अत्र्यांना त्या कवींचं कुठे काय खटकतं हे ओळीओळीने माहीत होतं, म्हणून आजही ते वाचून हसू येतं.

आपण काही अत्रे नव्हे, पण त्यातलं एक घेता येतं: पानावर बोट ठेवणं. 'मला नाही आवडलं' या वाक्यानंतर दोघेही गप्प होतात किंवा भांडतात. 'तुला कुठलं पान आवडलं, काढून दाखव' म्हटलं की संभाषण सुरू होतं. मला जे खटकलं ते पान मी काढते, त्याला जे लागलं ते तो काढतो. बऱ्याचदा ते एकच पान निघतं. वाचनगटात असाल तर ॲशच्या खोलीतून बाहेर पडायचा सोपा मार्ग म्हणजे चर्चेआधी प्रत्येकाने दोन ओळींची चिठ्ठी लिहून मध्ये टाकायची. आमच्याकडे यावर आधी कुरकुर झाली, शाळेतल्यासारखं वाटतं म्हणून. आता पार्किंगमधल्या कबुल्या बंद झाल्यात.

मित्राला मी 'युगान्त' वाचायला दिलं होतं. कर्णावरचं प्रकरण संपवून त्याने ते परत आणलं. 'बाईंना कर्ण कळलाच नाही,' असं म्हणाला. मी म्हटलं, ठीक, कर्व्यांचं सोड. महाभारतातच बघ, घोषयात्रेत, म्हणजे कौरव गुरं बघायच्या निमित्ताने वनात गेले असताना, गंधर्व चालून आले तेव्हा तुझा हा मृत्युंजय दुर्योधनाला त्यांच्या हाती सोडून पळाला. तो उसळलाच. 'पळाला नाही, त्याचा रथ मोडला होता!' मग वनपर्व काढलं. दोन्ही खरं निघालं. गंधर्वांनी कर्णाच्या रथाचे तुकडे केले होते, आणि कर्ण विकर्णाच्या रथावर उडी मारून निघून गेला होता. रथ मोडलेल्या योद्ध्याने दुसऱ्या रथावर चढणं याला पळणं म्हणायचं का, यावर आमचं अजून चाललंय.